शेपटीकडची बाजू

“मग हे काम सोडायचं कधी, भन्तेजी?”

विशाखाने गाडी चालवता चालवताच विचारलं. शेजारी बसलेले भन्ते सुमेध समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिले. गुडघा डॉक्टरांना दाखवून दोघं विहाराकडे परतत होती.

विशाखा मूळची भंडाऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीपायी ऑस्ट्रेलियातल्या या माळरानावरच्या गावात आली, आणि कांगारूंच्या पोरक्या पिल्लांची आई होऊन बसली. मादी गाडीखाली मेली तरी तिच्या पोटाच्या पिशवीत पुष्कळदा पिल्लू जिवंत असतं. ते काढायचं, उशीच्या अभ्र्यात गुंडाळायचं, बाटलीने दूध पाजायचं, मोठं करून रानात सोडायचं. गावात कुणालाही असं पिल्लू दिसलं की फोन तिलाच. त्याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे.

काल तिनेच वाढवलेली एक मादी ट्रकखाली गेली. फाटक्या कानावरून विशाखाने तिला ओळखलं.

“मी नसते तर यातलं एकही जगलं नसतं,” ती म्हणाली. “आणि जगून तरी काय झालं?”

भन्ते गुडघा चोळत होते.

“काहीतरी बोला ना.”

वळण संपलं. रस्त्यात एक मोठा कांगारू मरून पडला होता. विशाखाने पाहिलं, आणि गाडी बाजूने काढली.

“थांबव,” भन्ते म्हणाले.

“नर आहे तो. नराला पिशवी नसते. बघण्यासारखं काही नाही तिथे.”

“थांबव, बाई.”

तिने गाडी कडेला घेतली. भन्ते काठी टेकत मागे गेले. चीवर सावरून वाकले, दोन्ही हातांनी शेपूट धरली आणि ओढू लागले. कांगारू जागचा हलला नाही.

विशाखा चिडून खाली उतरली. “मेलेल्याला आता काय वाचवणार आहात?”

भन्त्यांनी मान वर केली. तिनेही वर पाहिलं. एक गरुड घिरट्या घालत होता.

“तो खायला उतरेल,” भन्ते म्हणाले. “तेवढ्यात एखादा ट्रक येईल.”

तिने मागच्या वळणाकडे पाहिलं.

“व्हा बाजूला. तुमचा गुडघा... मला येतं हे.”

तिने शेपूट हातात घेतली. भन्त्यांनी पुढचे पंजे धरले. दोघं त्याला रस्त्याच्या कडेला ओढत राहिली. त्याच्या अंगाचा वास हाताला लागला, चपला डांबरावर घसरल्या. कांगारू गवताकडे वीतभर सरकला, मग आणखी थोडा.

आणि विशाखा मधेच थांबली. शेपूट हातातच होती. डोळे भरून आले होते, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

“मी दमलेय, भन्तेजी.”

भन्त्यांनी पंजे खाली ठेवले. लंगडत वळसा घालून तिच्याजवळ आले, आणि तिच्या हातातली शेपूट आपल्या हातात घेतली.

“मग तू पंजांकडे जा. तिकडून हलका आहे.”