आबांच्या हातातली सुतळी

“चारशेची लेन्स पुरेल, बुवा, की सहाशेची मागवू?”

सुहासनं तिसऱ्यांदा विचारलं. बुवा शेंगा फोडत बसले होते. एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, टरफलं बाजूला सारली.

आता बुवाच ते. सरळ उत्तर देतील तर शपथ!

चाळीस वर्षं हा गोसावी लाकडी कॅमेरा खांद्यावर घेऊन यात्रा-जत्रा फिरला. तिपाई, काळं कापड, मागं पडदा. नंतर एक दिवस सगळं आवरलं आणि माळावरच्या या महादेवाच्या देवळात येऊन बसला. लोक अजून फोटोबुवाच म्हणतात. त्यांनी काढलेले चेहरे गावोगावच्या भिंतींवर आहेत, आणि असे आहेत की बघणाऱ्यानं नकळत वहाणा काढाव्यात.

सुहास वाघचौरे विसाव्या वर्षी दोन उन्हाळे त्यांची तिपाई वाहत हिंडला होता. आता पुण्यात त्याचं नाव होतं. उघड्यावर, नुसत्या उन्हात माणसाचा चेहरा टिपावा तर सुहासनं, असं म्हणत लोक. बक्षिसांनी कपाट भरलं होतं. आणि हे सगळं त्याला पुरेपूर माहीत होतं, हेही सांगून टाकतो.

“लांबून काढायचाय वाटतं,” बुवा म्हणाले.

“त्या टेकाडावरून. दोनशे पावलं तरी असेल.”

“एवढ्या लांबून का रे?”

सुहासनं मागं वळून पाहिलं. देवळासमोरच्या कडुनिंबाखाली, पारावर, त्याचे वडील बसले होते. ऊन कडक असूनही डोक्यावरून, डाव्या गालावरून घट्ट ओढलेलं उपरणं. उजवा डोळा तेवढा बाहेर.

“त्यांना कळू नये म्हणून,” तो हळूच म्हणाला.

बुवांनी शेंगांची परडी खाली ठेवली.

सुहास आठ महिन्यांचा, पाळण्यात होता, तेव्हा दगडाच्या खाणीत सुरुंग वेळेआधी उडाला. आबा वाचले. त्या दिवसापासून चेहऱ्याची डावी बाजू उपरण्याखाली गेली ती गेलीच. जेवताना भिंतीकडे तोंड. दाढी स्वतःच्या हातानं, दार लावून. आधारकार्डाचा फोटो काढताना खोलीत कोणाला थांबू दिलं नाही, आणि ते कार्ड ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप. तो चेहरा बघितलेलं घरातलं एकच माणूस होतं, सुहासची आई. ती तीन वर्षांपूर्वी गेली.

“देवदर्शनाला म्हणून आणलंय त्यांना,” सुहास भरभर सांगू लागला. “सकाळी देवळामागच्या कुंडावर तोंड धुतात तेव्हा उपरणं काढतात. आसपास कोणी नाही असं बघून. मी टेकाडावर झुडपात बसणार. कॅमेरा माझ्याकडे उत्तम आहे, आवाजसुद्धा होत नाही शटरचा. प्रश्न फक्त लेन्सचा. उद्याची एक सकाळ मिळणार मला, बुवा. चुकून चालणार नाही.”

“लेन्स चांगली आहे तुझी,” बुवा म्हणाले. “चोराला शोभेल अशी.”

सुहासला ते झोंबलं. कान लाल झाले.

“चोर? मी मुलगा आहे त्यांचा!”

बुवांनी मांडीवरची टरफलं झटकली.

“डॉक्टर म्हणाले, हृदय पार थकलंय, फार दिवस धरू नका. उद्या आबा गेले तर... बुवा, जगाचे चेहरे काढले हो मी. आणि माझ्या बापाचा चेहरा मी पहिल्यांदा बघायचा तो काय तिरडीवर?”

त्याचा आवाज फाटला. पारावरून आबांनी मान वळवली, पुन्हा समोर बघू लागले.

बुवा उठले. आत गेले. बाहेर आले ते हातात सुतळीचं एक रिळ घेऊन. जुनी, काळपटलेली सुतळी. ठरावीक अंतरावर गाठी.

सुहासनं ती ओळखली. यात्रेच्या गर्दीत दर माणसासाठी काळ्या कापडात डोकं घालून बघत बसायला बुवांना सवड नसे. सुतळीचं एक टोक बसणाऱ्याच्या हातात द्यायचं, दुसरं कॅमेऱ्याला धरायचं, ताणायची, गाठी मोजायच्या. तेवढ्या अंतरावर लेन्स लावली की चेहरा स्पष्ट.

“हल्ली हे कोणी वापरत नाही, बुवा,” तो म्हणाला.

बुवा ऐकत होते कुठे? ते सरळ पाराकडे चालू लागले.

“बुवा, नको! अहो, नको...”

पण बुवा आबांसमोर जाऊन उभे राहिले होते.

“वाघचौरे, पोराला तुमचा फोटो काढायचाय. सगळ्या चेहऱ्याचा. त्यानं किती लांब उभं राहायचं ते तुम्ही ठरवा.”

आणि सुतळीचं टोक आबांच्या मुठीत दिलं. रिळ सुहासच्या हातात दिलं. स्वतः मधून बाजूला झाले.

झालं! सुहासला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. महिनाभर आखलेला बेत या म्हाताऱ्यानं एका वाक्यात चव्हाट्यावर मांडला होता. आता आबा कुंडावरसुद्धा उपरणं काढायचे नाहीत.

आबांनी मुठीकडे पाहिलं. मुलाकडे पाहिलं. मग हात झटकला, लांब हो म्हणून.

सुहास मागं सरला. आबांनी पुन्हा हात झटकला. तो आणखी मागं सरला. रिळ उलगडत गेलं. देवळाचा ओटा मागं पडला, दीपमाळ मागं पडली. पाठ कुसवाच्या भिंतीला टेकली तेव्हा रिळावरची सुतळीही संपली.

“चारशेची लाव,” बुवा सहज म्हणाले. “इथून लागेल तुला.”

सुहासनं लावली. डोळ्याला कॅमेरा भिडवला. काचेत उपरणं आलं. विणीतला धागा न् धागा दिसत होता. उपरणंच नुसतं.

कडुनिंबाची सावली पायरीभर सरकली.

“कशाला रे पाहिजे तुला फोटो?” आबांनी तिथूनच विचारलं.

सुहासकडे उत्तरांची कमी नव्हती. प्रदर्शनात लावायला. खाणकामगारांवर पुस्तक करतोय म्हणून. आठवण म्हणून. मुलाखतींमधून तो असली वाक्यं झोकात बोलायचा.

“मला तुमचा चेहरा माहीत नाही, आबा,” तो म्हणाला.

...

सुतळीला हिसका बसला.

आबांनी तिचा एक वेढा तळव्याभोवती घेतला होता. मग दुसरा. सुतळी ताणली गेली, तसा सुहास एक पाऊल पुढं आला. आबा थांबले. तोही थांबला. पुन्हा एक वेढा.

दीपमाळेपाशी चारशेची लेन्स निकामी झाली. नुसता एक डोळा मावत होता तिच्यात. त्यानं घाईघाईनं एकशे पस्तीसची चढवली. ती नीट बसते न बसते तोच आबांनी आणखी चार वेढे घेतले. ओट्यापाशी पंच्याऐंशीची लावली. हीच त्याची लाडकी, हिनंच त्याला नाव दिलं होतं. इथं थांबावं, असं त्याला मनापासून वाटलं. उजेड सुरेख होता, पाचोळ्यावरून परतून येणारा, मऊ. अंतर अगदी पुस्तकात सांगतात तसं.

आबा वेढे घेतच होते.

“बास, आबा,” तो म्हणाला. “एवढं पुरे.”

वेढा. पाऊल. वेढा. पाऊल.

आता मधे दीड हात सुतळी उरली होती. आबांच्या कपड्यांना येणारा तंबाखूचा आणि कडुनिंबाच्या काडीचा वास येत होता. इतक्या जवळ तो शेवटचा कधी उभा राहिला होता, आठवेना.

आबांनी मोकळ्या हातानं उपरण्याचं टोक धरलं. तो हात क्षणभर तिथंच अडला. मग त्यांनी उपरणं खाली ओढलं आणि मांडीवर ठेवलं.



जबड्याचं हाड आत दबलेलं. गालाच्या कातडीत सुरुंगाची दारू अजूनही बारीक निळ्या दाण्यांनी रुतून बसलेली. डावा डोळा मात्र धड होता, उजव्याइतकाच काळाभोर. इतकी वर्षं कापडामागं राहून त्याची पापणी लहान मुलाच्या पापणीसारखी कोवळी राहिली होती. आणि ओठाचं टोक जखम भरताना वर ओढलं गेलं होतं.

त्यामुळं त्या बाजूनं आबा हसत होते.

कायमचे. सुहास पहिलं अक्षर गिरवायला शिकला तेव्हा, पुण्याच्या गाडीत बसला तेव्हा, आई गेली तेव्हाही, त्या कापडाआड हे हसू होतंच. कडक, तुटक, अबोल म्हणून ज्यांना तो आयुष्यभर वचकून राहिला, त्या बापाचं हे तोंड! त्याला रडू आलं की आणखी काही, त्याचं त्यालाच कळेना. अंगावर सरसरून काटा आला. देवळाच्या गाभाऱ्यातसुद्धा तो कधी असा उभा राहिला नव्हता.

सवयीनं कॅमेरा डोळ्याला गेला. काचेत नुसतं धुकं. त्यानं रिंग फिरवली, शेवटपर्यंत फिरवली, पुन्हा उलटी फिरवली. धुकंच. इतक्या जवळच्या माणसाला स्पष्ट दाखवील अशी एकही लेन्स त्याच्या पिशवीत नव्हती.

मागं सरावं तर सुतळी ताणलेली.

“बुवा,” तो मान न वळवता म्हणाला, “इतक्या जवळून काहीच चालत नाही. काय लावू?... बुवा?”

आबांचे दोन्ही डोळे त्याच्या चेहऱ्यावरून फिरत होते. कपाळावरून, भुवयांवरून, कानशिलावर पिकलेल्या केसांवरून, सावकाश.

मागून बुवांचा आवाज आला.

“हलू नकोस. त्यांचं अजून बघून झालेलं नाही.”