चिमाक्काचं पळीभर तेल

किती वर्षं झाली ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण एका डोंगराळ राज्यात एक मोठं तळं होतं. तळ्याला दगडमातीचा लांबलचक बांध होता आणि बांधाच्या पायथ्याशी एक गाव. गावात चिमाक्का नावाची तेलीण राहायची. घाण्यावर करडईचं तेल काढायचं आणि तेलकट भांडी तळ्यावर नेऊन घासायची, यातच तिचं आयुष्य गेलं होतं.

एके सकाळी गावात आरडाओरड झाली. बांधाच्या पायथ्यातून पाणी फुटलं होतं. आधी मनगटाएवढी धार, घटकाभरात मांडीएवढी. आतल्या बाजूने बांधाला कुठेतरी भोक पडलं होतं. ते वेळेत बुजलं नाही, तर बांध जाणार आणि गावही.

मालू भोई पट्टीचा पोहणारा. त्याने चार बुड्या मारल्या आणि चारही वेळा हात हलवत वर आला.

"एवढ्या बांधाला कुठे कुठे चाचपडू?" तो धापा टाकत म्हणाला. "वरून जागा दिसली, तर एका दमात गाठतो."

पण दिसणार कसं? वाऱ्याने पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या आणि त्यांवर ऊन असं चमकत होतं की नजर ठरत नव्हती.

बायका मुलांना घेऊन टेकडीकडे निघाल्या होत्या. त्यांच्यात चिमाक्काही होती. मालूचे शब्द कानी पडले आणि ती थबकली. तेलकट भांडं बुडवलं की भोवतालचं पाणी कसं गुळगुळीत होतं, तळाचे खडेसुद्धा कसे मोजता येतात, ते तिच्या डोळ्यांपुढे आलं. ती घराकडे धावली आणि तेलाचं गाडगं नि पळी घेऊन बांधावर उभ्या असलेल्या गावच्या पाटलांकडे आली.

"पाटील, वारा येतो त्या अंगाला मला होडीतून न्या. पाणी शांत करते."

"आक्का, ही काय चेष्टेची वेळ आहे?"

"चेष्टा करायला टेकडी सोडून इथे आले असते का?"

पाटलांनी तिला वाट करून दिली. मालूने तोवर होडी लोटलीसुद्धा.

चिमाक्काने पळीभर तेल हळूच पाण्यावर सोडलं. तेल टेकलं मात्र, आणि धावत सुटलं. निळे, जांभळे, सोनेरी रंग झरझर चहूकडे सरकले. जिथे जिथे ते पोचले, तिथल्या लाटा विरल्या. चुरगळलेल्या लुगड्यावरून कुणी हात फिरवावा, तसं पाणी सपाट झालं. बांधावरची माणसं पाय उंचावून बघू लागली.

"आक्का, सगळं गाडगं ओता," पाटलांनी बांधावरून हाक दिली.

"नको. पाण्याची ओढ तेलाहून जबर, म्हणून ते तेलाला ताणून नेतं. एकदा पातळ थर धरला की वरून ओतलेलं पसरत नाही, गोळे होऊन तरंगतं. मग आता दिसतंय तेही दिसायचं नाही."

मालू होडीच्या काठावर ओणवा झाला. खाली दगड दिसले, शेवाळ दिसलं. एका ठिकाणचं शेवाळ सगळं एकाच बाजूला ओढलं जात होतं.

"सापडलं," तो म्हणाला. कमरेला दोर बांधून, गवत आणि चिकणमातीचा मोठा बोळा घेऊन त्याने उडी घेतली. चिमाक्काने दोर घट्ट धरला. दोराला दोन हिसके बसले आणि तिकडे पायथ्याशी माणसांचा गलका उठला. धार करंगळीएवढी झाली, मग नुसती ठिबकू लागली.

मालू वर आला तो हसतच.

पाटलांनी चिमाक्काला हात देऊन होडीतून उतरवलं. "आक्का, ही विद्या कुणी शिकवली?"

"कुणी नाही. तीस वर्षं भांडी घासते आहे. पाण्याकडे बघत घासते, एवढंच."

त्या दिवसापासून त्या तळ्यावरच्या प्रत्येक होडीत तेलाची एक बुधली असायची, आणि ती कशी वापरायची हे भोई चिमाक्काकडून शिकून घ्यायचे.

तात्पर्य: रोजचं काम जो डोळे उघडे ठेवून करतो, त्याच्यापाशी संकटाच्या वेळी उपाय सापडतो.