खादाड बकुळा आणि डोंगरावरची राक्षसीण

एकदा काय झालं, एका राजाला दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी शेंडेफळ, नाव बकुळा. भारी खादाड बरं का! हसू नकोस रे, तुझंही पोट काही लहान नाही.

तिथे डोंगरावर एक राक्षसीण राहायची. तिची बाग इतकी सुंदर, की लांबलांबून माणसं बघायला यायची. निघताना ती विचारायची, "कसं वाटलं माझ्याकडे?" उत्तर आवडलं तर मागेल ते द्यायची. मनाला लागलं, की माणसाचा दगड! आणि आजवर कुणाचंच उत्तर तिला आवडलं नव्हतं.

मग थोरला राजपुत्र गेला. तो भित्रा. त्याला वेलीवेलीत साप दिसले. "बाप रे, नुसते साप!" म्हणाला. झाला दगड.

मग मधला गेला. बाग तीच, फुलं तीच. पण याचं नाक सदा वर. म्हणाला, "आमच्या राजवाड्यातली याहून बरी." तोही दगड.

राणीने अंथरूण धरलं. बकुळा म्हणाली, "मी आणते दादांना." दरबार फिदीफिदी हसला. "हिला वेशीपर्यंत शिदोरी पुरली तरी मिळवली!" आणि खरंच, कार्टीने वेशीतच सगळे लाडू संपवले.

मग काय, डोंगर चढेपर्यंत पोटात कावळे! बागेत मोर नाचत होते, कारंजी उडत होती, पण हिचं लक्षच नाही. हिला आला वास. त्या वासामागे थेट स्वयंपाकघरात! राक्षसीण कोहळ्याचे घारगे तळत होती. बकुळा पाटावर बसली. एक खाल्ला, दुसरा खाल्ला.

राक्षसिणीने झारा खाली ठेवला. "कसं वाटलं माझ्याकडे?"

बकुळा घाबरली गं. पण खोटं बोलवेना. "मावशी, बाग मी बघितलीच नाही. पण असे घारगे माझ्या आईलाही जमत नाहीत. अजून दोन वाढा ना!"

राक्षसीण ढसाढसा रडायला लागली. "अगं पोरी, इतकी माणसं आली, पण माझ्या पाटावर कुणी बसलं नाही गं! माग, हवं ते माग."

"माझे दादा द्या. आणि बाकीचे दगडही उठवा."

तर काय सांगू, डोंगरभर माणसं उठून उभी राहिली! ढोल वाजवत सगळे गावात आले. राणी अनवाणी धावत वेशीवर आली आणि लेकांच्या गळ्यात पडून रडली. राजाने भर दरबारात लेकीला खांद्यावर घेतलं. हसणाऱ्यांची तोंडं एवढीएवढीशी झाली. वाघीण गं माझी बाय ती, वाघीण!

मग सगळे सुखाने नांदले. चला, आता पांघरुणात शिरा आणि डोळे मिटा बघू.