पानाचा रिकामा कोपरा

पक्षी पानांवर चोचीने टोचून पत्रं लिहीत, त्या काळातली ही गोष्ट. पानं शिवून घरटं करणाऱ्या शिंपिणीला ससाण्याने नेलं. मागे तिची तीन अंडी आणि धाकटा भाऊ उरला.

दुसऱ्याच दिवशी कोतवाल पक्षी तिचं शेवटचं पत्र म्हणून एक पान घेऊन आला. रानातली सगळी पत्रं वाचून तो कुणासारखंही लिहायला शिकला होता, आणि अंडी त्याला खायची होती. त्याने कासवआजोबांच्या न्यायसभेत पान वाचलं, "लाडक्या भावा, घरटं अंड्यांसकट कोतवालांना दे."

"हे ताईचं नाही," भाऊ म्हणाला.

"तुला वाचता तरी येतं का रे?" कोतवालाने विचारलं.

"नाही येत. म्हणूनच कळलं."

त्याने घरट्यातली, ताईने लिहिलेली जुनी पानं आजोबांपुढे पसरली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात नखाचा वेडावाकडा ओरखडा होता. "मला लिहिता येत नाही, म्हणून ताई तेवढी जागा माझ्या ओरखड्यासाठी सोडायची. याचं पान काठोकाठ भरलंय."

"कोतवाला, तू अक्षरं तेवढी वाचलीस," आजोबा म्हणाले. "आता नीघ."

अंडी वाचली. पिल्लं बाहेर आली त्या दिवशी भावाने कोरं पान घेतलं, कोपऱ्यात आपला ओरखडा काढला आणि बाकीचं पान ताईसाठी मोकळं ठेवलं.