शेवटच्या ओळीतलं नाव

"मग गाणं कुणाचं म्हणायचं, बाबा?"

राणबा शाहीर विस्तवावर डफ शेकत बसले होते. समोर त्यांची लेक हौसा.

बेचाळीसचं साल. गावच्या पोरांनी शाळेच्या कौलावर तिरंगा चढवला, त्याचं गाणं हौसानं रचलं. अशी गाणी रचणाऱ्याला गोरं सरकार आत टाकायचं. शाहिरी रिवाजानं शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव येतं. हौसानंही ठसक्यात घातलं होतं. बाबा म्हणाले, तेवढं काढ.

"तुमच्या एकूणएक पोवाड्यात तुमचं नाव. माझंच का खुपलं? मी तुरुंगाला भीत नाही."

भीत नाही म्हणताना तिनं मांडीवरचं तान्हं पोर छातीशी घट्ट धरलं. बाबांनी ते पाहिलं.

"तू गातेस तेव्हा हे कुणाकडं असतं?"

"जिचा हात मोकळा, तिच्याकडं."

"भुकेनं रडलं तर?"

"जवळ असेल ती पाजते."

"तेव्हा ते कुणाचं?"

हौसानं पोराला पदराखाली घेतलं.

नावाची ओळ गाळून तिनं गाणं बायांना शिकवलं. जीव मात्र तुटला.

पंधरवड्यात गाणं पाच गावं फिरलं. मग एका सकाळी फौजदार शिपाई घेऊन पाणवठ्यावर आला. गाणं कुणी रचलं, म्हणून दरडावू लागला.

म्हातारी ठकूबाई धुणं आपटता आपटता म्हणाली, "म्या."

"मी रचलं," तिची सून म्हणाली.

मग घागर खाली ठेवून तिसरी बोलली, चौथी बोलली... सगळ्यांना आत टाकीन, असं फौजदार ओरडला. ठकूबाईनं पदर खोचला. म्हणाली, चला की, पण तुमच्या कोठडीत मावायच्या का एवढ्या? शिपायालाच हसू फुटलं.

फौजदार हौसापुढं थांबला.

"आणि तू?"

खरं ते अगदी ओठांवर आलं होतं... तिनं पोराकडं पाहिलं. ते ठकूबाईच्या सुनेच्या कडेवर खुशाल अंगठा चोखत होतं.

"मला अजून नीट येत नाही, साहेब. ह्या शिकवतात."

फौजदार आल्या वाटेनं गेला. हौसा ताठ मानेनं बाबांकडं आली. घडलं ते सगळं सांगितलं.

"आता तरी नाव घालू का, बाबा?"

बाबांनी डफावर एक थाप दिली. कडक वाजला.

"घाल की. पण मला काय विचारतेस? ज्यांचं गाणं आहे, त्यांना विचारून ये."