द्रोणात मावेल एवढं

तुमच्या आजीच्या आजीलाही अजून दात यायचे होते, आणि पऱ्यांना उन्हाळ्यात तुमच्या-माझ्यासारखीच तहान लागायची, तेव्हाची ही गोष्ट आहे.

काजळझरी नावाच्या गावाच्या अगदी कडेला, पळसाच्या रानाला लागून, एक इवलीशी झोपडी होती. तिथे हौसा नावाची मुलगी तिच्या आईबरोबर राहायची. घरात एक चूल होती, एक माठ होता आणि एक पांढरं मांजर होतं. ते मांजर शेजाऱ्यांकडे जेवायचं आणि झोपायला तेवढं हौसाकडे यायचं, कारण हौसाकडे जेवायला फारसं काही नसे हे त्यालाही ठाऊक होतं. थाळ्या तर नव्हत्याच. मायलेकी पळसाच्या पानावर भाकरी घेऊन जेवायच्या.

हौसाची आई गिरजा गावातल्या बाईसाहेबांच्या घरी स्वयंपाक करायची. पहाटे जायची ती दिवेलागणीला परतायची. चैत्र सरता सरता बाईसाहेबांनी सांगितलं की वैशाखाच्या पौर्णिमेला त्या नदीपलीकडच्या दूरच्या शहरात कायमच्या राहायला जाणार. गिरजाने बरोबर यावं, मुलीला मात्र आणू नये, तिथे जागा नाही. इथे राहिलं तर काम नाही आणि काम नाही तर भाकरी नाही. तेव्हा आई शहरात जाणार आणि हौसा डोंगरापलीकडे मामाकडे, असं ठरलं.

हे सांगताना आई रडली नाही. तिने फक्त आपल्या पानातली अर्धी भाकरी हौसाच्या पानात सरकवली. हौसाला मात्र घासच गिळवेना. तिला वाटलं, आईचं स्वतःचं काही काम असतं, इथेच, या दारात बसून करायचं, तर आईला कोणी कुठे नेऊ शकलं नसतं. आई लहानपणी सुरेख पत्रावळी लावायची, हे तिला आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पानं आणायला रानात गेली.

रानात काय बहार होती म्हणून सांगू. पळसाला नवी नवी पानं फुटली होती, कुठे पोपटी, कुठे तांबूस, मऊ मऊ, उन्हात चकाकणारी. फुलं मात्र सगळी गळून गेली होती. एका बुटक्या झाडावर तेवढं एकच केशरी फूल उरलं होतं, आणि त्या फुलातून बारीकसा आवाज आला, "पाणी, पाणी."

हौसाने वाकून पाहिलं. फुलात एक परी बसली होती, हौसाच्या करंगळीएवढी. अंगात केशरी झगा, डोक्यावर काळ्या मखमलीची चिमुकली टोपी, आणि पाठीवर सात रंगांचे झिरझिरीत पंख. पण ओठ अगदी सुकून गेले होते.

हौसाने घाईघाईने एक पान दुमडलं, बांबूची बारीक काडी टोचून त्याचा द्रोण केला आणि झऱ्याकडे धावली. भरून आणलेलं पाणी वाटेतच गळून गेलं. ती पुन्हा गेली. जमीन तव्यासारखी तापली होती, पायांना चटके बसत होते, पण या वेळी तिने द्रोणाखाली आपली ओंजळ धरली. द्रोण रिकामा झाला तरी ओंजळीत तीन थेंब उरले, आणि परीला तेवढेच पुरले. ती टवटवीत झाली, तिचे पंख लखलखले, आणि तिने आपलं नाव सांगितलं, पळसुली.

"हौसे, तू माझ्यासाठी पोळलीस. आता तू माग, मी देते," पळसुली म्हणाली. "पण आमच्या रानाचे नियम आहेत. इच्छा स्वतः केलेल्या द्रोणात सांगायची. द्रोणात मावली तरच ती खरी होते. आणि उष्टी इच्छा चालत नाही."

हौसाला एवढा आनंद झाला की शेवटचे दोन नियम तिने नीट ऐकलेच नाहीत. तिने द्रोण केला, तोंडाशी धरला आणि एका दमात सांगून टाकलं की आईचं माडीवालं दुकान व्हावं, दारात घोडे असावेत, हाताखाली खूप खूप नोकर असावेत आणि त्यांनी लाल फेटे बांधावेत. द्रोण टम्म फुगला. इच्छा सोनेरी पाण्यासारखी काठावरून भळाभळा सांडली आणि मातीत जिरली. तिथल्या मुंग्यांनी ती चाटली. त्या दिवसापासून मुंग्यांचा धंदा असा काही चालतो की त्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल.

हौसाने दुसरा द्रोण केला. या खेपेला तिने बेताने मागितलं. बाजारात हरबाशेटचं आहे, अगदी तसंच दुकान आईला मिळावं. तिने एवढं म्हटलं आणि द्रोण कोमेजून मिटला.

"ही हरबाशेटची इच्छा," पळसुली हळूच म्हणाली. "त्याने ती कधीच मागून, खाऊन संपवली. दुसऱ्याच्या उष्ट्या पत्रावळीवर तू जेवशील का?"

हौसा मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पळसुली उडत उडत तिच्या गुडघ्यावर येऊन बसली आणि तिने विचारलं की दुकानाचं राहू दे, आज संध्याकाळपर्यंत तुझ्या हातून काय झालं तर तुला बरं वाटेल. हौसाने मिटलेल्या द्रोणाकडे पाहिलं. पाणी आणलेल्या पहिल्या गळक्या द्रोणाकडेही पाहिलं.

"एक द्रोण असा जमावा," ती म्हणाली, "की ज्यातून थेंबही गळणार नाही."

"मग तेवढंच माग की."

हौसाने तेवढंच मागितलं. आणि गंमत बघा, ती इच्छा द्रोणात टपकन पडली आणि दवाच्या थेंबासारखी तळाशी जाऊन बसली. द्रोणाचा उजेड झाला आणि तो उजेड हौसाच्या बोटांत शिरला. मग बोटांना आपोआप कळू लागलं की पानाची गुळगुळीत बाजू आत घ्यायची, काडी शिरेला धरून टोचायची आणि दुमड घट्ट बसवायची. तरी पहिला द्रोण गळला, दुसराही थोडा गळला, आणि सूर्य कलला तेव्हा एक द्रोण झाला तो गळला नाही. टोचताना बोटं मात्र लालेलाल झाली होती, कारण पळसुली इच्छा भरून द्यायची, काड्या टोचून द्यायची नाही.

त्या संध्याकाळी हौसाने आईला त्याच द्रोणात आमटी वाढली. आई द्रोणाखाली हात धरून बसली, आता गळेल, मग गळेल म्हणून. आमटी काही गळेना. आईने द्रोण उलटसुलट करून पाहिला, मग हळूच एक पान ओढलं, दुसरं त्याला जोडलं, तिसरं जोडलं, आणि कितीतरी वर्षांनी एक गोल गरगरीत पत्रावळ लावली. आपलं स्वतःचं काम असावं असं तिलाही वाटत होतं तर. पण आपल्याकडून घेणार कोण, असं म्हणून तिने ती पत्रावळ बाजूला ठेवली.

सकाळी हौसाने रानात जाऊन मागायचं ठरवलं की गावातल्या सगळ्यांनी आमच्याकडूनच घ्यावं. पण द्रोण तोंडाशी नेताना ती थांबली. सगळ्या गावाची मनं एवढ्याशा द्रोणात कशी मावतील? तिने विचार केला आणि मागितलं, "एका दारात उभं राहून मला नीट बोलता यावं." इच्छा मावली.

ते दार बयोमावशीचं होतं. तिच्या नातवाचं बारसं होतं आणि घुगऱ्या वाटायला द्रोण हवे होते. हौसाचा आवाज जराही अडखळला नाही. तिने एका द्रोणात पाणी भरून मावशीच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, गळलं तर घेऊ नका." मावशीने वाट पाहिली. मग हसून तिने बारशाचे सगळे द्रोण सांगितले आणि मोबदल्यात सूपभर ज्वारी दिली. घरी आईने त्या ज्वारीची चिमूट कपाळाला लावली. पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात, आणि आईच्या आयुष्यातली ती पहिली भवानी होती.

मग रोज सकाळी हौसा रानात जाई आणि एकच इच्छा मागे. द्रोणापेक्षा पत्रावळ मोठी, म्हणून पत्रावळ जमू लागली तशी इच्छाही जराशी मोठी मावू लागली. आज पानाची कड सरळ यावी. आज ज्वारीबरोबर तांदूळही मिळतील एवढं काम हातून व्हावं. आई दिवसभर बाईसाहेबांकडे राबून आली की पत्रावळी लावायला बसे, आणि तिच्या पत्रावळी हौसाहून देखण्या होत. एके दिवशी पाटलीणबाई स्वतः झोपडीशी आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न पौर्णिमेच्या आदल्या दिवशी होतं. साऱ्या पंगतीच्या पत्रावळी आणि द्रोण गिरजाने द्यावेत, असं त्यांनी सांगितलं.

आईला धडकी भरली. एवढी पानं वेळेत झाली तर आपण इथेच राहू, आणि नाही झाली तर गावात पुन्हा कोणी विचारणार नाही, हे तिला कळत होतं. तिने शहरात न्यायचं गाठोडंही बांधून ठेवलं होतं आणि ते सोडायला तिचं मन धजेना.

लग्नाला दोन दिवस राहिले तेव्हा हौसाने सर्वांत मोठी पत्रावळ लावली, रानातल्या सर्वांत रुंद पानांची. आज मागायचं होतं की लग्नाची सगळी पानं वेळेत व्हावीत आणि आई माझ्याजवळ राहावी. इच्छा मोठी होती, पण पत्रावळही मोठी होती. आई कामाला निघायच्या आधीच, भल्या पहाटे, हौसा धावतच बुटक्या झाडापाशी गेली.

शेवटचं फूल देठावर नुसतं लोंबत होतं. पळसुली त्यात निपचित पडली होती. तिच्या पंखांवर एकही रंग उरला नव्हता. प्रत्येक इच्छेत तिने थोडा थोडा रंग घातला होता आणि हौसाला ते दिसलंच नव्हतं. फूल पडलं की पऱ्या आपल्या घरी उडून जातात. पण बिनरंगाच्या पंखांनी उडता येत नाही, आणि जी उडत नाही ती फुलाबरोबर मातीत जाते.

"तू माझी काळजी करू नकोस," पळसुली म्हणाली. "ही शेवटची इच्छा. लवकर माग."

हौसाला आईचं गाठोडं दिसलं. मामाचं घर दिसलं, जिथे तिला कोणी हौसे म्हणून हाक मारणार नव्हतं. ती रडली, खूप रडली. मग तिने पत्रावळ तोंडाशी धरली.

"पळसुलीला तिच्या घरी जाता यावं," ती म्हणाली. "ही माझी स्वतःची इच्छा आहे. कोणाची उष्टी नाही."

पत्रावळ काठोकाठ भरली आणि एक थेंबही सांडला नाही. सारं रान झगमगलं. पळसुलीच्या पंखांत केशरी आलं, पिवळं आलं, निळं, जांभळं, सगळे रंग आले. फूल देठावरून सुटलं, पण ती पडली नाही, ती वर उठली.

"हौसे, आई जवळ राहावी ही तुझी दुसरी इच्छा मी नेत नाही," ती वरून म्हणाली. "ती मला लागायचीच नाही. आज तुम्हा दोघींच्या हातांत मावेल एवढी ती झाली आहे."

एवढं बोलून ती लखलखीत उजेड झाली. त्या उजेडाचे कण पळसाच्या पानापानांवर पडले आणि पळसुली दिसेनाशी झाली.

हौसाने घरी येऊन कामाला निघालेल्या आईला सगळं सांगितलं, आणि शेवटची इच्छा आपण काय मागितली तेही सांगितलं. आई रागावली नाही. तिने हौसाला घट्ट जवळ घेतलं, आणि मग शहरात न्यायचं गाठोडं सोडून त्यातलं धुवट लुगडं पानं झाकायला काढलं. बाईसाहेबांकडे तिने निरोप धाडला की आज आणि उद्या मी येणार नाही. बयोमावशीला आणि शेजारच्या बायकांना हाक मारून तिने सांगितलं की आमच्याबरोबर बसा, कामाचा वाटा देईन. बायकांनी पानांचा ढीग पाहून तोंडाला पदर लावला, तेव्हा आई म्हणाली, "सगळ्या ढिगाकडे बघू नका. आधी ही एवढी चळत."

एक चळत झाली, मग दुसरी झाली. त्या दिवशी रानातून आणलेली पानं काय मऊ होती, एकही फाटलं नाही. लग्नाच्या पंगती बसल्या, वरण वाढलं, कढी वाढली, आणि कोणाच्याही पानाखालची जमीन ओली झाली नाही. पाटलीणबाईंनी लुगडं, तांदूळ आणि गूळ दिला, आणि आषाढातल्या सप्ताहाची पानंही आताच सांगून ठेवली.

पौर्णिमेच्या सकाळी बाईसाहेबांची बैलगाडी झोपडीपुढे उभी राहिली. गिरजा पानं हातात घेऊनच बाहेर आली.

"बाईसाहेब, मी येत नाही. इथे आता माझं स्वतःचं काम आहे."

बाईसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, दारातल्या पत्रावळींच्या चळतींकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या की बरं, निदान वाटेत जेवायला लागतील तेवढ्या पत्रावळी दे. गिरजाने मोजून पत्रावळी दिल्या आणि त्यांचा मोबदला घेऊन कपाळाला लावला, कारण त्या दिवसाची ती भवानी होती.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मायलेकी जेवायला बसल्या. मांजर त्या दिवशी शेजारी न जाता इथेच येऊन बसलं. आईने हौसाच्या पानात भाकरी वाढली आणि आपल्याही पानात एक पूर्ण भाकरी घेतली. त्यातला तुकडा तिने हौसाच्या पानात सरकवला नाही. ती सगळी भाकरी तिने स्वतः खाल्ली, आणि हौसा तिच्याकडे बघत राहिली.

अजूनही चैत्र सरताना पळसाच्या रानात गेलात, तर शेवटच्या फुलापाशी थोडं पाणी ठेवा. पण द्रोण आधी नीट तपासून घ्या.