पाठ टेकल्यावर सुरू होणारी कुस्ती

देवळापुढचा हा वाळूचा हौद बघताय ना, त्यात चपला घालून उतरू नका. आणि एक आधीच सांगून ठेवतो, संध्याकाळी झराई देवीच्या जत्रेत कुस्ती बघाल तेव्हा हसायचं नाही. दोन्ही गडी आधी उताणे निजतात आणि मग ढोल वाजतो. साऱ्या मुलखात पाठ टेकली की कुस्ती संपते. आमच्याकडे ती तिथून सुरू होते. हिला आम्ही भुईकुस्ती म्हणतो, आणि ती आली थेट चीन देशातून.

फार जुनी गोष्ट. आमच्या खालच्या वाडीच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. गोडं पाणी एकच, देवळामागच्या झऱ्याचं. वरच्या वाडीलाही तेच हवं. डोकी फुटायला लागली तेव्हा गुरवाने दोन्ही वाड्यांना देवीपुढे बसवून ठरवलं, जत्रेला एक कुस्ती, जिंकेल त्याचा झरा वर्षभर. वरच्या वाडीचा धाकोजी म्हणजे नुसता रेडा. तो हरायचाच नाही. आमच्या बायका होडीने खाडीपलीकडून पाणी आणत, ते पुरत नसे. असल्याच एका उन्हाळ्यात पाण्यावाचून वाडीतली तान्ही मुलं दगावली, असं सांगतात.

त्याच सुमारास एक गलबत खडकावर फुटलं आणि लाटांनी एक चिनी बाई किनाऱ्याला आणून टाकली. तिचं खरं नाव कुणाला धड म्हणता येईना, म्हणून ती चिनाई झाली. तिची पावलं वितीएवढी. तिकडे मुलींचे पाय लहानपणीच आवळून बांधत, म्हणे. आवडीने तिला घरात घेतलं. ही आवडी जाळी विणणारी, एक पाय जन्मापासून वाळलेला. ती चालायची कमी, सरपटायची जास्त. लोक तिला फुकट खाणारं तोंड समजत. आपल्याच माणसांबद्दल बोलतोय, पण खरं ते खरं.

चिनाईच्या मुलखात कुणा संन्यासिनीने पाय बांधलेल्या बायकांसाठी जमिनीवरून लढायची विद्या काढली होती, म्हणे. चिनाई रोज आवडीला पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, नेई. लोळायचं कसं, पडल्या पडल्या समोरच्याचा घोटा कसा धरायचा, सगळं तिने शिकवलं. "उभा रवाक जमना नाय, मगे भुय आपली," असं ती मोडक्यातोडक्या मालवणीत म्हणायची.

पुढच्या जत्रेला आमचा एकही गडी हौदात उतरेना. धाकोजी दंड थोपटून थोपटून थकला. तेवढ्यात आवडी सरपटत आत आली.

"ह्या बायलमाणसावांगडा मी झुंजू?" धाकोजी गुरवावर ओरडला.

आवडी उताणी निजली. वरची वाडी नाचायलाच लागली, "हरली! पाठ टेकली!"

तेव्हा काठावरून चिनाई बोलली, "तिची पाठ कोणी टेकवल्यान?"

गुरव विचारात पडला. नियम साधा होता, दुसऱ्याने पाडलं तर हार. आवडीला तर कुणी हातही लावला नव्हता. त्याने मान हलवली आणि ढोल वाजला.

धाकोजी तिला उचलून बाहेर फेकायला वाकला. आवडी गरकन वळली, दोन्ही हातांनी त्याचा घोटा आवळला आणि धडधाकट पायाने गुडघ्यावर रेटा दिला. जाळ्यांच्या गाठी आवळणारे हात ते, सुटतात कसले! धाकोजी पाठीवर असा आपटला की देवळातली घंटा हलली म्हणतात.

झरा आमचा झाला. पण आवडीने तिथेच, देवीपुढे सांगितलं, "पाण्यासाठी परत कुस्ती नको. तान दोनय वाड्यांक सारखीच लागता." आणि धाकोजी? जत्रा उठल्यावर तो नारळ घेऊन चिनाईच्या दारात शिकायला बसला.

म्हणून आजही झऱ्यावर दोन्ही वाड्यांच्या कळश्या एकत्र भरतात, आणि हौदात दोन्हीकडचे गडी निव्वळ मानासाठी निजतात. त्यातून आमच्या बायकांनाही एक खोड लागली आहे. पोर चालायला शिकताना धपकन पडलं, तर आई उचलायला धावत नाही. बसल्या जागेवरून हसून म्हणते, "पडलंस मां? मगे आता लढ!"